खासगी छायाचित्रांची स्वयंचलित छाननी

वापरकर्त्याने स्वतःपुरते साठवलेले किंवा दुसऱ्याला पाठवलेले फोटो आणि व्हिडिओ बेकायदा मजकुरासाठी, मुख्यतः बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रणासाठी, कंपनीने यंत्राकरवी तपासणे. ही पद्धत अमेरिकेत रुजली आणि गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट यांच्या सेवांबरोबर भारतात आली. तिच्यासाठी संसदेने वेगळा कायदा केलेला नाही. खाते उघडताना न वाचता मान्य केलेल्या अटींवर ती चालते. जालना जिल्ह्यात तिची जाणीव होते ती सायबर पोलिसांकडे वरून येणाऱ्या ‘टिपलाइन’मुळे, म्हणजे संशयित मजकुराच्या सूचनेमुळे, नाहीतर कोणाचे खाते अचानक बंद पडल्यावर.

छाननीचे दोन प्रकार आहेत. वादातली बरीच गल्लत ते एकच मानल्याने होते. पहिला प्रकार जुळणीचा. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने डार्टमथ महाविद्यालयातील प्राध्यापक हॅनी फरीद यांच्यासह ‘फोटोडीएनए’ विकसित केले. त्यात फोटो कृष्णधवल करून ठरावीक आकारात आणला जातो, त्याच्या लहान चौकटी पाडल्या जातात आणि उजेड-अंधाराच्या चढउतारावरून अंकांची एक मालिका, म्हणजे ‘हॅश’, तयार होते. तपास यंत्रणांना आधीच सापडलेल्या चित्रांच्या हॅशशी ती ताडून पाहतात. फोटोचा आकार बदलला किंवा रंग फिका केला तरी जुळणी लागते. यादीत नसलेले चित्र मात्र सुटते. दुसरा प्रकार अंदाजाचा आहे. कधीच न पाहिलेला फोटो आक्षेपार्ह असेल का, हे कृत्रिम बुद्धिमत्ता ठरवते. गूगलने असे साधन २०१८ मध्ये आणले.

पहिल्या प्रकारात चूक क्वचित होते. दुसऱ्यात ती होणारच, कारण उघड्या मुलाच्या फोटोचा अर्थ तो कोणी, कुठे, कशासाठी काढला यावर ठरतो. तेल लावून न्हाऊ घातलेले, पाटावर बसवलेले उघडे बाळ मराठी घरांतल्या अल्बमांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आता ते अल्बम स्कॅन होऊन क्लाउडवर चढत आहेत. शेजारच्या गुजरातेत नेमके हेच घडले. एका अभियंत्याने आपला दोन वर्षांच्या वयाचा, आजी न्हाऊ घालत असतानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर ठेवला. २०२३ मध्ये त्याचे खाते बंद झाले, ईमेलही गेले आणि २०२४ मध्ये प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात पोहोचले. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोतील एका पित्याने डॉक्टरांना दाखवण्यासाठी आजारी मुलाचे फोटो काढले होते आणि त्याचेही खाते बंद झाले होते. पोलिसांनी गुन्हा नसल्याचे सांगितले, तरी गूगलने खाते परत दिले नाही.

अमेरिकी कायद्यानुसार कंपनीवर शोध घेण्याची सक्ती नाही. सापडले तर ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन’ (एनसीएमईसी) या संस्थेला कळवण्याची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने एप्रिल २०१९ मध्ये या संस्थेशी करार केला. तेव्हापासून भारतातून चढवलेल्या मजकुराची माहिती दिल्लीत येते, तिथून मुंबईला महाराष्ट्र सायबरकडे आणि पुढे जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे. या माहितीवर महाराष्ट्र सायबरने ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ ही मोहीम राज्यभर राबवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये सीबीआयने देशात ७७ ठिकाणी छापे घातले. त्यांत जळगाव आणि धुळे होते. सप्टेंबर २०२२ मधील ‘मेघचक्र’ मोहिमेचा रोख तर थेट क्लाउडवरील साठ्यांवर होता.

एनसीएमईसीकडे २०२३ मध्ये सुमारे ३ कोटी ६२ लाख सूचना आल्या. त्यांतल्या सुमारे ८९ लाख भारताशी निगडित होत्या. हा आकडा सभांमधून गुन्हेगारांची संख्या असल्यासारखा फेकला जातो. तसा तो नाही. २०२० मधील दोन महिन्यांच्या सूचना तपासून फेसबुकने जाहीर केले होते की, नव्वद टक्क्यांहून अधिक मजकूर आधी कळवलेल्याचीच प्रत होता आणि निम्म्याहून अधिक सूचना अवघ्या सहा व्हिडिओंच्या प्रतींमुळे आल्या होत्या. पण प्रत म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. त्या व्हिडिओतल्या मुलाचे शोषण प्रत्येक फॉरवर्डबरोबर पुन्हा पसरते, आणि छाननीच्या समर्थकांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. हैदराबादच्या ‘प्रज्वला’ संस्थेने २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पाठवलेल्या पत्रामागेही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे बलात्काराचे व्हिडिओच होते.

जिल्ह्यात पोहोचेपर्यंत टिपलाइनमध्ये उरते ते आयपी पत्ता, वेळ, ईमेल किंवा मोबाइल क्रमांक. मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना देतात. नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक नसेल तर ग्राहक सापडत नाही. सापडला तरी तो सिमचा मालक असतो, फोटो चढवणारा असेलच असे नाही. मंठा-परतूर-घनसावंगीतून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत सिम एकाच्या नावावर आणि फोन सगळ्यांच्या हातात, ही काही अपवादाची गोष्ट नव्हे. मुंबई-पुण्यातल्या चर्चेत हा टप्पा जवळजवळ येतच नाही. तिथे वाद यंत्राने पाहावे की नाही यावरच अडतो.

कायद्याची चौकट कडक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार असा मजकूर प्रसारित करणे, पाहणे, उतरवून घेणे या सर्वांना पहिल्या गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचे कलम १५ असा मजकूर बाळगण्याबद्दल आहे. मद्रास उच्च न्यायालयाने बाळगणे व पाहणे गुन्हा नसल्याचे म्हटले होते. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. न्या. जे. बी. पारडीवाला यांनी निकाल लिहिला. पीठावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २०१७ च्या नऊ सदस्यीय पीठावरही तेच होते आणि त्यातले प्रमुख निकालपत्र त्यांचे होते. दोन्ही निकाल एकत्र वाचल्याशिवाय हा विषय कळत नाही. गावच्या ग्रुपवर न मागता आलेला असा व्हिडिओ गॅलरीत आपोआप उतरतो. तो पुसला नाही आणि कळवलाही नाही, तर २०२४ च्या निकालानुसार पुढे पाठवण्याचा हेतू गृहीत धरला जाऊ शकतो. ग्रुपचा अ‍ॅडमिन सदस्यांच्या कृत्याला आपोआप जबाबदार नाही, एवढा दिलासा नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांना असा मजकूर स्वतःहून शोधण्याचा प्रयत्न करायला सांगितले आणि त्यासोबत मानवी देखरेखीची, तसेच साधन कोणावर अन्याय करते का हे वेळोवेळी तपासण्याची अट घातली. मात्र हा नियम लोकांनी एकमेकांशी संवाद साधण्याच्या सेवांसाठी आहे. केवळ स्वतःचे फोटो ठेवायची जागा त्या व्याख्येत बसवणे कठीण. परिणामी जिथे छाननी सर्वांत खोलवर जाते, तिथेच नियमांतले संरक्षण सर्वांत पातळ आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये अ‍ॅपलने जुळणी क्लाउडवर न करता थेट आयफोनमध्येच करण्याची योजना जाहीर केली; सुमारे तीस फोटो जुळल्यावरच माणूस तपासणार होता. आज बालशोषणाची यादी, उद्या सरकारने दिलेली दुसरी कोणतीही, असा आक्षेप जगभरच्या तज्ज्ञांनी घेतला. योजना महिन्याभरात लांबणीवर पडली आणि डिसेंबर २०२२ मध्ये गुंडाळली गेली. जिल्ह्यातले बहुतेक फोन अँड्रॉइडचे असल्याने त्या वादाचा इथे थेट परिणाम नव्हता. आक्षेप मात्र गैरलागू नाही, कारण यादीत काय आहे हे ना वापरकर्त्याला दिसते ना पोलिसांना.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालातील एक भाग कमी चर्चिला गेला. एनसीएमईसीला कळवले म्हणजे कर्तव्य संपले, असे कंपनीला म्हणता येणार नाही. पॉक्सोनुसार विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांनाही कळवावे लागेल, नाहीतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे कायदेशीर कवच मिळणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हे शब्दशः पाळले गेले तर दिल्ली-मुंबईचा वळसा टळून अंबड किंवा भोकरदनच्या ठाण्यात थेट सूचना येईल. आयपी पत्त्यावरून माणूस शोधण्याचे काम, आणि बाळाचा फोटो व गुन्हा यांतला फरक ओळखण्याचेही, मग तिथल्याच अंमलदाराकडे येईल.