नेम आणि मोजदाद

बसल्या जागी अचूक मारा करायचा तर जुनी, हाताने बोल्ट ओढायची रायफल बरी, असं लष्करी नेमबाज मानत. अर्धस्वयंचलित रायफलीत गोळी सुटते न सुटते तोच वायूच्या दाबाने बोल्ट मागे जातो, रिकामं काडतूस उडतं, नवं आत येतं. एवढे भाग हलल्यावर नळी दर वेळी तंतोतंत त्याच जागी येईल याचा, मराठीत म्हणतात तसा, नेम नसतो.

अमेरिकेने 1957 साली स्वीकारलेल्या एम-14चंही तेच होतं. स्पर्धांसाठी तिची ‘नॅशनल मॅच’ आवृत्ती निघाली. तिच्यात निवडक नळी, जुळवून बसवलेले भाग आणि दस्ता व पोलाद यांच्यामधल्या फटीत फायबरग्लासचा थर असे. थोडक्यात, हलणाऱ्या यंत्रातलं जे जे हलायला नको, ते गच्च बसवायचं. हे काम लोहाराचं कमी, घड्याळजीचं जास्त.

मग ही रायफल व्हिएतनामला निघाली. आपल्याकडे पावसाळ्यात दारं फुगून चौकटीत अडकतात. अक्रोडाचा दस्ताही तसाच ओल पितो, आणि लाकूड हललं की नेम हलतो. म्हणून दस्त्यांना इपॉक्सी पाजलं गेलं. 1969मध्ये रॉक आयलंड शस्त्रागाराने अशा 1,435 रायफलींवर लेदरवूड यांची तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी दुर्बीण चढवली. समोरचा देह तिच्यातल्या खुणांमध्ये बसेपर्यंत कडं फिरवायचं, की अंतराचा हिशेब आपोआप होई. मला या सगळ्या खटाटोपात हीच युक्ती सर्वांत हुशार वाटते, आणि सर्वांत अस्वस्थ करणारीही. माणसाची उंची इथे मोजपट्टी झाली होती.

मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात नवव्या पायदळ डिव्हिजनच्या ॲडेलबर्ट वॉल्ड्रन या सार्जंटच्या नावावर 109 बळींची नोंद आहे. त्या डिव्हिजनचे सेनापती ज्युलियन यूएल यांना आकड्यांचा ध्यास होता. डिसेंबर 1968 ते मे 1969 या काळातल्या ‘स्पीडी एक्स्प्रेस’ मोहिमेत डिव्हिजनने जवळपास 11 हजार शत्रू मारल्याचा दावा केला. हाती लागलेली शस्त्रं मात्र 748. यात हेलिकॉप्टर आणि तोफांचा वाटा मोठा होता. सगळं खापर स्नायपरांवर फोडणं अन्यायाचं होईल. पण मारलेला प्रत्येक जण शत्रूच, ही मोजदादीची रीत दोघांना सारखीच लागू होती. लष्कराच्याच महानिरीक्षकांनी 1972मध्ये मृत नागरिकांचा अंदाज 5,000 ते 7,000 असा केला. तो अहवाल तेव्हा लोकांपुढे आला नाही.

यूएल यांनी आयरा हंट यांच्यासोबत लिहिलेलं, लष्करी निर्णयांत आकडेवारी कशी वापरावी हे सांगणारं पुस्तक मात्र 1974 साली लष्करानेच छापलं.