साखरेवर मेंदूचा पहारा

अल नहदाचा एक भाग दुबईत, दुसरा शारजात. संध्याकाळी इमारतीखाली फेऱ्या मारणाऱ्या आपल्या मंडळींची चौकशी हल्ली दोन्हीकडे सारखीच सुरू होते: "शुगर किती आली?" आणि सगळा दोष स्वादुपिंडाच्या माथी मारून ती संपते. मी पेशाने इंजिनियर, वैद्यकातला जाणकार नव्हे. पण या विषयाचा इतिहास वाचताना लक्षात आले, की स्वादुपिंडाचा गुन्हा शाबीत होण्याच्या चाळीस वर्षे आधी संशयाची सुई मेंदूकडे वळली होती.

1849 साली फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने सशाच्या मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेजवळ, सुई टोचली. थोड्याच वेळात सशाच्या लघवीत साखर उतरली. मेंदूचा हुकूम मज्जातंतूंच्या वाटेने यकृतापर्यंत पोहोचतो आणि यकृत साखर सोडते, असा त्याचा अर्थ निघाला. पुढे 1889 मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन मिळवले. लाखोंचे प्राण वाचले आणि मेंदूची बाजू साहजिकच मागे पडली.

ती पुन्हा पुढे आणण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. डॉ. बाळकृष्ण आनंद यांनी 1951 मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्यासह दाखवले, की हायपोथॅलॅमसच्या बाजूचा एक इवलासा भाग निकामी केला तर उंदीर समोर अन्न असूनही खात नाही. नंतर दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी याच भागातील विद्युतसंकेत मोजले. रक्तात ग्लुकोज वाढले की तृप्तीच्या केंद्राची हालचाल वाढे, भुकेच्या केंद्राची मंदावे. हा निबंध 1962 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. मेंदूतल्या काही पेशी साखर 'चाखतात', याचा तो सुरुवातीचा पुरावा.

मेंदूला एवढी काळजी का? शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीत सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो आणि स्वतःजवळ साठा जवळजवळ ठेवत नाही. म्हणून साखर सुमारे 70 च्या खाली घसरू लागली, की ग्लुकॅगॉन आणि ॲड्रेनॅलीन सुटतात आणि यकृत कोठार उघडते. आणखी घसरली तर घाम, थरथर, धडधड सुरू होते. ही मेंदूने वाजवलेली धोक्याची घंटाच.

पण घंटा वारंवार वाजली तर तिचा आवाज मंदावतो. इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर पुनःपुन्हा खाली गेली, तर मेंदू त्या पातळीला सरावतो. मग घाम ना थरथर, एकदम गोंधळ किंवा बेशुद्धी. 1990 च्या दशकातील संशोधनात मात्र दिलासाही मिळाला: काही आठवडे साखर खाली जाऊ दिली नाही, तर ही जाणीव बऱ्याच अंशी परत येते.

आपल्याकडे नवरात्राचे, चतुर्थीचे उपवास, शेजारी रमजानचे रोजे. श्रद्धेला माझा नमस्कार. पण अशी औषधे चालू असतील, तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. संध्याकाळच्या गर्दीत दुबई-शारजा रस्त्यावर गाडी घेण्यापूर्वी साखर तपासा. घरच्यांनीही ओळखावे: अकारण चिडचिड, असंबद्ध बोलणे, भिजलेली उशी. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता 998 वर रुग्णवाहिका बोलवा. ज्याची घंटा मंदावली आहे, त्याच्यासाठी घरच्यांचे डोळे हाच दुसरा पहारा.