रेषा कुठे ओढायची? ब्रेक्झिट आणि आयर्लंडची सीमा

१ एप्रिल १९२३ रोजी आयर्लंडच्या बेटावर जकात नाके सुरू झाले. काही महिन्यांपूर्वीच दक्षिणेकडील २६ परगण्यांचे 'आयरिश फ्री स्टेट' अस्तित्वात आले होते. उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनमध्येच राहिले. नकाशावर फाळणी आधीच झाली होती, पण शेतकऱ्याला आणि बाजारहाट करणाऱ्याला ती प्रथम जाणवली या दिवशी, जेव्हा शेजारच्या गावी जाताना गाठोडे उघडून दाखवण्याची वेळ आली.

ब्रेक्झिटच्या इतिहासाची सुरुवात मी इथून करतो आहे, याचे कदाचित आश्चर्य वाटेल. आपल्याकडे या विषयावर चर्चा होते ती स्थलांतराची, राष्ट्रवादाची, फार तर पौंडाच्या घसरणीची. परंतु २०१७ ते २०१९ या काळात ब्रिटिश संसदेचा गाडा रुतला तो या जुन्या रेषेत. सुमारे ५०० किलोमीटरची ही सीमा नेमकी का आडवी आली, ते या धाग्यात पाहू. धागा मोठा आहे, निवांत वाचा.

ही सीमा कोणी भूगोल पाहून आखलेली नाही. ती जुन्या परगण्यांच्या हद्दींवरून जाते; कुठे शेताच्या मधून, तर कुठे एकाच रस्त्याला दोन-तीनदा छेदत. १९२४-२५ मध्ये ती सुधारण्यासाठी एक आयोग बसला, त्याचा अहवाल गुंडाळून ठेवण्यात आला आणि रेषा होती तशीच राहिली. शुल्क लागणारा माल फक्त 'मान्यताप्राप्त' रस्त्यांवरूनच नेता येई. साहजिकच उरलेल्या रस्त्यांवरून चोरटा व्यापार फोफावला. दुसऱ्या महायुद्धात दक्षिणेत चहाचा दुष्काळ होता आणि उत्तरेत लोण्याचा. त्यामुळे रात्री कोणत्या दिशेने काय जात असेल, हे वेगळे सांगायला नको.

पुढचा भाग मात्र गमतीचा नाही. सीमा मान्य नसलेल्यांच्या दृष्टीने जकात नाका म्हणजे त्या सीमेचे हाडामांसाचे रूप. त्यामुळे तो हल्ल्याचे लक्ष्य बनला. २२ ऑगस्ट १९७२ रोजी न्यूरी येथील कस्टम्स कार्यालयात आयआरएने आणलेला बाँब वेळेआधीच फुटला आणि ९ जण ठार झाले. त्यांत बाँब आणणारे तिघे होते, चार कारकून होते आणि कागदपत्रांसाठी आलेले दोन लॉरीचालक होते. नाक्याला धोका म्हणून पोलीस, पोलिसांना धोका म्हणून सैन्य, सैन्यासाठी टेहळणीचे मनोरे, अशी ही साखळी वाढत गेली. सीमेवरचे कितीतरी लहान रस्ते सैन्याने खड्डे पाडून वा काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले. सुमारे तीस वर्षांच्या त्या संघर्षात ३,५०० हून अधिक माणसे मेली.

ही सीमा विरली ती दोन टप्प्यांत. ब्रिटन आणि आयर्लंड १ जानेवारी १९७३ रोजी एकाच दिवशी युरोपीय समुदायात दाखल झाले होते. १ जानेवारी १९९३ रोजी सिंगल मार्केट पूर्णत्वास गेले आणि सीमेवरची कस्टम्स तपासणी संपली. १० एप्रिल १९९८ च्या 'गुड फ्रायडे करारा'नंतर हळूहळू सैनिकी मनोरेही उतरवले गेले. उरली फक्त वेगमर्यादेची पाटी. एका बाजूला मैल, दुसऱ्या बाजूला किलोमीटर. गिनेस ही बिअर डब्लिनमध्ये तयार होते, पॅकिंगसाठी बेलफास्टला जाते आणि विक्रीसाठी पुन्हा दक्षिणेत येते. उत्तरेच्या गोठ्यांतले दूध दक्षिणेच्या डेअऱ्यांत जाते. लोकांच्या लेखी सीमा जवळपास उरलीच नव्हती.

इथे दोन संज्ञा नीट समजून घ्यायला हव्यात, कारण पुढच्या सगळ्या वादात त्या सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या गेल्या. 'कस्टम्स युनियन' म्हणजे आतल्या देशांच्या मालावर परस्परांत शुल्क नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांचे शुल्क एकच. रॉटरडॅमला उतरलेल्या कंटेनरचे शुल्क एकदा भरले की तो संघात कुठेही न्यावा. याची किंमत अशी की शुल्काविषयी कोणत्याही सदस्याला जगाशी स्वतंत्र करार करता येत नाही. 'सिंगल मार्केट' ही याहून खोल गोष्ट. तिथे नियमही एक. कोंबडी कशाने धुवावी, खेळण्यात कोणता रंग वापरावा, औषधाला मान्यता कोणी द्यावी, हे सगळे समान. आणि त्यासोबत माणसांना कुठेही राहण्याचे व काम करण्याचे स्वातंत्र्य.

पहिल्यातून बाहेर पडलात तर सीमेवर विचारणा होणार: माल कुठला? दुसऱ्यातून बाहेर पडलात तर: माल नियमात बसतो का? मांस आणि दुधाच्या बाबतीत तर बाहेरच्या देशातून आलेल्या मालाची तपासणी सीमेवरच्या ठाण्यावर करावी, असा युरोपचा कायदाच आहे. शून्य शुल्काचा करार केला तरी ही विचारणा सुटत नाही. कारण शून्य शुल्क मिळते ते त्या देशातच पुरेसे घडलेल्या मालाला. तिसऱ्या देशाचा माल आणून नुसता डबा बदलला तर ते मिळत नाही, आणि हे सिद्ध करायला कागद लागतात.

गंमत अशी की या सिंगल मार्केटची जोरदार पाठराखण करणाऱ्यांत मार्गारेट थॅचर होत्या. त्याचा मूळ आराखडा, १९८५ ची श्वेतपत्रिका, त्यांनीच ब्रुसेल्सला पाठवलेल्या लॉर्ड कॉकफिल्ड यांच्या देखरेखीखाली तयार झाला. एप्रिल १९८८ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये थॅचरबाईंनी ब्रिटिश उद्योजकांना या बाजारपेठेचे महत्त्व पटवून दिले. १७ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्याच पक्षाच्या थेरेसा मे यांनी सिंगल मार्केट सोडत असल्याचे जाहीर केले, तेही लँकेस्टर हाउसमध्येच.

सार्वमत झाले होते २३ जून २०१६ रोजी. ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र ५५.८ टक्के लोकांना युरोपीय संघातच राहायचे होते. मतपत्रिकेवर प्रश्न होता राहायचे की सोडायचे, एवढाच. किती सोडायचे, याचा उल्लेख नव्हता. नंतर सरकारने तीन वचने दिली: कस्टम्स युनियन व सिंगल मार्केट सोडू, आयर्लंडच्या सीमेवर नाके येऊ देणार नाही, आणि उत्तर आयर्लंड व उर्वरित ब्रिटन यांच्यामध्ये समुद्रातही सीमा येऊ देणार नाही. यांतली कोणतीही दोन पाळता येतात, तिन्ही पाळता येत नाहीत. दोन वेगळ्या नियमांचे प्रदेश एकमेकांना भिडले की रेषा कुठेतरी पडतेच.

जून २०१७ च्या निवडणुकीत मे यांनी बहुमत गमावले आणि सरकार डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या, म्हणजे डीयूपीच्या, १० खासदारांवर तरले. उत्तर आयर्लंडला ब्रिटनपासून तसूभरही वेगळे वागवू नये, हा या पक्षाचा प्राण. ४ डिसेंबर २०१७ रोजी मे ब्रुसेल्समध्ये समझोत्याच्या उंबरठ्यावर होत्या. जेवणाच्या मध्येच डीयूपीच्या नेत्या अर्लीन फॉस्टर यांच्याशी फोनवर बोलणे झाले आणि त्या दिवशीचा समझोता बारगळला.

अखेरीस मे यांनी काढलेली तोड म्हणजे 'बॅकस्टॉप': दुसरा उपाय सापडेपर्यंत संपूर्ण ब्रिटन युरोपशी एकाच शुल्कक्षेत्रात राहील. माझे मत विचाराल, तर तिन्ही वचने एकत्र जमत नाहीत हे मान्य करून मांडलेला तो पहिला गंभीर प्रस्ताव होता. आणि म्हणूनच तो कोणालाच रुचला नाही. कट्टर ब्रेक्झिटवाद्यांना त्यात एकतर्फी सुटकेचे दार नसलेला पिंजरा दिसला, डीयूपीला उत्तर आयर्लंडसाठीचे वेगळे नियम दिसले आणि विरोधकांपैकी अनेकांना तो पाडल्यास दुसऱ्या सार्वमताची आशा दिसली. १५ जानेवारी २०१९ रोजी प्रस्ताव ४३२ विरुद्ध २०२ मतांनी कोसळला. आधुनिक काळात कोणत्याही ब्रिटिश सरकारचा एवढ्या फरकाने पराभव झालेला नाही.

मार्चमध्ये तो दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा आणण्याची तयारी सुरू होताच सभापती जॉन बर्को उभे राहिले आणि एकाच अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा मांडता येत नाही, हा १६०४ सालचा संकेत त्यांनी सभागृहाला ऐकवला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे असे दिवस फार थोडे असतात. (प्रस्तावाचे रूप बदलून तो २९ मार्चला आला आणि तिसऱ्यांदा पडला.) त्या गदारोळात १ एप्रिलच्या एका मतदानाकडे फारसे लक्ष जात नाही. कस्टम्स युनियनमध्ये राहावे, हा केन क्लार्क यांचा ठराव २७६ विरुद्ध २७३ असा अवघ्या तीन मतांनी हुकला. तो बंधनकारक नव्हता, पण त्या दिवशी बहुमताच्या एवढ्या जवळ दुसरा कोणताही पर्याय पोहोचला नाही.

मे गेल्या, बोरिस जॉन्सन आले. समुद्रात सीमा आखणारा करार कोणतेही हुजूर पक्षाचे सरकार स्वीकारणार नाही, असे नोव्हेंबर २०१८ मध्ये डीयूपीच्या अधिवेशनात जाऊन सांगणारे हेच ते जॉन्सन. १० ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांची आयर्लंडच्या पंतप्रधानांशी भेट झाली. हे पंतप्रधान म्हणजे लिओ वराडकर. आडनाव ओळखीचे वाटले असेल, त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड. या भेटीत कोंडी फुटली आणि आठवड्याभरात करार झाला. रेषा समुद्रात सरकली. उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपचे नियम पाळणार आणि ब्रिटनच्या उर्वरित भागातून तिथे जाणाऱ्या मालाची तपासणी बंदरावर होणार. तरीही नोव्हेंबरमध्ये जॉन्सन तिथल्या व्यापाऱ्यांना सांगत होते की कोणी फॉर्म भरायला लावलाच तर केराच्या टोपलीत टाका.

१ जानेवारी २०२१ पासून ते फॉर्म भरावे लागले. मुळांना माती चिकटलेली रोपे स्कॉटलंडहून बेलफास्टला नेता येईनात, कारण युरोपच्या लेखी ती बाहेरची माती होती. कच्च्या सॉसेजवर बंदीची टांगती तलवार आली आणि सवलतीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. लंडनच्या वर्तमानपत्रांना यात विनोद दिसला, पण स्वतःला ब्रिटिश मानणाऱ्या युनियनिस्ट माणसाला ब्रिटनची मातीच आपल्याकडे परकी ठरते, हे झोंबणारच. वाद न्यायालयात गेला. १ जानेवारी १८०१ रोजी अमलात आलेल्या विलीनीकरणाच्या कायद्यातील सहावे कलम दोन्ही बेटांच्या प्रजेला व्यापारात समान स्थान देते; नेमक्या २२० वर्षांनी, त्याच तारखेला, ते मोडले, असा दावा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: नवा कायदा संसदेनेच केला आहे, आणि जुने कलम त्याला अडवू शकत नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस 'विंडसर आराखडा' आला. ब्रिटनमधून येऊन उत्तर आयर्लंडमध्येच विकल्या जाणाऱ्या मालाला 'हिरवी मार्गिका', पुढे युरोपात जाऊ शकणाऱ्या मालाला 'लाल'. अनेक खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर 'युरोपीय संघासाठी नाही' अशी सूचना छापली जाऊ लागली. निषेध म्हणून २०२२ मध्ये प्रादेशिक सरकारातून बाहेर पडलेली डीयूपी फेब्रुवारी २०२४ मध्ये परतली. तोवर काळ बदलला होता: फाळणीनंतर प्रथमच तिथल्या सरकारचे प्रमुखपद एका आयरिश राष्ट्रवादी नेत्याकडे, मिशेल ओनील यांच्याकडे, गेले.

करारात एक तरतूद अशी आहे की ही व्यवस्था चालू ठेवायची की नाही, हे उत्तर आयर्लंडच्या विधानसभेने ठराविक काळाने ठरवायचे. पहिले मतदान १० डिसेंबर २०२४ रोजी झाले: बाजूने ४८, विरोधात ३६. युनियनिस्ट सदस्य विरोधात गेले. दोन्ही समाजांचे बहुमत मिळाले असते तर आठ वर्षांची निश्चिंती होती; ते न मिळाल्याने मुदत चारच वर्षांची आहे.