धुळ्याचा लोहमार्ग आणि आपले मालेगाव

मालेगावचे नाव निघाले की माग आठवतो, आगगाडी आठवत नाही. ती येथे आलीच नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे मुंबईहून नाशिक, मनमाड, नांदगाव, चाळीसगाव अशी भुसावळकडे गेली आणि आग्रा रोडवरील मालेगाव व धुळे ही दोन्ही गावे बाजूस राहिली. याच आग्रा रोडने १८५७ नंतर उत्तरेकडील मोमीन विणकर येथे आले व आपल्या साळी बांधवांच्या शेजारी त्यांनी माग मांडले.

धुळ्याचे दैव मात्र पुढे उघडले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) विलायतेतील गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, तेव्हा खानदेशच्या कापसास सोन्याचे मोल आले. या कापसाच्या मुलखात अखेर १९०० साली चाळीसगावहून धुळ्यापर्यंत सुमारे ५६ किलोमीटरचा फाटा सुरू झाला. राजमाने, शिरूड, बोरविहीर अशी त्यावरील लहान लहान स्थानके.

१९७० च्या सुमारास एका वऱ्हाडाबरोबर मी या गाडीत प्रथम बसलो. इंजिनाच्या काजळीने माझी नवी टोपी काळी झाली, म्हणून आईने दटावले. वडिलांचे तिकडे लक्षच नव्हते. ते मालधक्क्यावर रचलेल्या कापसाच्या गाठी मोजीत होते. "धुळ्याचा कापूस गाडीत बसतो, अन् आपलं सूत ट्रकची वाट पाहतं," एवढेच ते बोलले.

त्या बोलण्यात घरचा अनुभव होता. आमचे सूत मनमाड स्थानकावर उतरे व तेथून सुमारे ३८ किलोमीटर ट्रकने येई. एका पावसाळ्यात व्यापाऱ्याने आठ दिवस गठ्ठे पोहोचविले नाहीत. भाडे मात्र वाढवून घेतले! माग उभे राहिले. आईने त्या आठवड्यात चांदीचे तोडे गहाण ठेवले, ते पुन्हा घरी आले नाहीत.

२ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गास मंजुरी दिली. अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये. हा मार्ग मालेगाव व धुळे येथून जावयाचा आहे. उतारूंच्या स्थानकाविषयी सारेच बोलतात, मालधक्क्याविषयी कोणी बोलत नाही. सुताचे गठ्ठे व कापडाच्या गाठी चढविण्या-उतरविण्याची सोय कोठे व्हावी, हे विणकरांनी नकाशे पक्के होण्यापूर्वीच लेखी कळविले पाहिजे. आपल्या मंडळाने येत्या सभेत हा विषय घ्यावा, अशी माझी विनंती आहे.