धर्मग्रामाच्या हिशेबावर हक्क कुणाचा?

धर्मग्रामाचे आर्थिक व्यवहार पाहायला एखादा सीए किंवा निवृत्त बँक अधिकारी विनामोबदला पुढे येतो, तेव्हा त्याने फादरांना मदतीचा हात दिला, असे आपण म्हणतो. त्याचे कौतुक रास्तच आहे. पण त्यामागे एक समजूत दडलेली असते: हिशेब हे मुळात धर्मगुरूंचे काम आणि प्रापंचिकांनी त्याला फक्त हातभार लावायचा. कॅथलिक परंपरेचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील मोअरबाथ हे जेमतेम तेहतीस घरांचे, मेंढ्यांवर जगणारे गाव. ख्रिस्टोफर ट्रिकी हे १५२० ते १५७४ अशी ५४ वर्षे तिथले धर्मगुरू होते आणि त्यांच्या हातचे जमाखर्च आजही उपलब्ध आहेत. चर्चमध्ये वेगवेगळ्या संतांच्या नावाने निधी असत. बऱ्याच निधींचे भांडवल म्हणजे मेंढ्याच. त्या गावकऱ्यांच्या कळपांत वाटून दिलेल्या असत आणि लोकर विकून आलेला पैसा निधीत जमा होई. तरुणांचा निधी वेगळा, तरुणींचा वेगळा. प्रत्येक निधीचे वॉर्डन, म्हणजे कारभारी, दरवर्षी बदलत. चर्चच्या मुख्य वॉर्डनची जबाबदारी घराघरांतून फिरे आणि घरकर्ती विधवा असली तर तिच्याकडेही येई. वर्षअखेर प्रत्येकाने किती आले, किती गेले, किती उरले हे गावासमोर मांडायचे. ट्रिकी लिहीत ते मुळात मोठ्याने वाचून दाखवण्यासाठीच. मृतांच्या मिस्सासाठी काळा झगा घ्यायचा, म्हणून या गावाने सुमारे वीस वर्षे थोडेथोडे पैसे साठवले. त्यात धर्मगुरूंनी चर्चच्या मेंढ्यांच्या लोकरीवरचा आपला दशांशही घातला. अखेर १५४७ मध्ये तो झगा आला. एवढा धीर धरणे जमले, कारण शिल्लक किती ते दरवर्षी सगळ्यांच्या कानावर पडत होते. पुढच्या वर्षभरात राजाज्ञेमुळे निधी मोडले, मेंढ्या विकाव्या लागल्या आणि त्यांच्याबरोबर ही फिरती जबाबदारीही आटली.

यावर कोणी म्हणेल, मेंढ्या मोजायला काय लागते? आज करकायदे आहेत, परदेशी देणग्यांचे नियम आहेत, महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यानुसार लेखापरीक्षण करावे लागते. हे काम जाणकाराचेच, आणि त्याबाबत वाद नाही. पण जाणकाराला बोलावले म्हणजे बाकीच्यांची जबाबदारी संपली, असे होत नाही. उलट, आकडे जितके अवघड तितके ते उलगडून सांगणारा माणूस जास्त लागतो. त्याचे खरे कौशल्य ताळेबंद जुळवण्यात जितके, तितकेच तो रविवारी चर्चला येणाऱ्या आजीला समजेल असा मांडण्यातही आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९८३ च्या धर्मसंहितेने ५३७ व्या कलमात प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असे म्हटले, पण ५३२ व्या कलमानुसार कायदेशीर व्यवहारात प्रतिनिधित्व धर्मगुरूंचेच. समिती साहाय्य करते, निर्णय लादत नाही. मग हक्काची भाषा कशाला? कारण अधिकार आणि जाब या वेगळ्या गोष्टी आहेत. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा, असे तीच संहिता १२८७ व्या कलमात सांगते. मोअरबाथमध्ये लेखणी धर्मगुरूंच्याच हाती होती आणि त्यांचा शब्दही गावात चाले. तरी ऐकणारे अख्खे गाव होते आणि त्याने त्यांचा मान कमी झाला नाही. पाच दशकांहून जास्त काळ एकाच गावाने त्यांना आपले मानले, त्यात या उघडेपणाचाही वाटा असलाच पाहिजे.

म्हणून आपली विद्या धर्मग्रामाला देणाऱ्या सीएने स्वतःला पाहुणा मदतनीस समजू नये आणि धर्मगुरूंनीही त्याला तसे वागवू नये. त्याच्या हातात जुनी, मध्येच खंडित झालेली जबाबदारी पुन्हा येत आहे. त्याने केलेला वार्षिक हिशेब कपाटात न जाता मिस्सानंतर लोकांसमोर वाचला गेला, त्यावर कोणी प्रश्न विचारला आणि त्याला सरळ उत्तर मिळाले, तरच त्याची सेवा पूर्ण झाली असे म्हणता येईल.