शब्बाथच्या रात्रीची शिटी



आपल्यापैकी ज्यांची झोप वयामुळे पातळ झाली आहे त्यांना रात्रीचे आवाज ओळखीचे असतात. मी लोद येथे राहतो. रात्री दोन-अडीचला जाग आली की लांबून गाडीचा भोंगा ऐकू येतो, आणि क्षणभर मला कळत नाही की मी लोदला आहे की ज्या जंक्शनच्या गावी माझे लहानपण गेले तेथे. आगगाडी आणि आपला बेने इस्राएल समाज यांचा संबंध दीडशे वर्षांहून जुना आहे. त्याविषयी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट तारखेची. भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीन वाजता बोरीबंदराहून ठाण्याला निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान नावाची तीन इंजिने आणि एकवीस तोफांची सलामी, हे सारे शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात नसते ते हे, की तो दिवस शनिवार होता. आपल्या पंचांगाप्रमाणे ५६१३ सालच्या निसान महिन्याची ८ तारीख, म्हणजे पेसाहच्या आधीचा शब्बाथ हागादोल. शमुएल एजकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेली शार हाराहामीम ही आपली पहिली मशीद तेव्हा ५७ वर्षांची होती. ती मांडवीत होती आणि बोरीबंदर तेथून फार दूर नव्हते. दुपारच्या वेळी घरी असलेल्या आपल्या लोकांना त्या तोफा आणि ती शिटी ऐकू आली असणार. पुढे त्याच भागात जे स्टेशन झाले त्याला 'मशीद' हे नाव आपल्या मशिदीवरून पडले असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत.

म्हणजे पहिली प्रवासी गाडी निघाली तीच शब्बाथच्या दिवशी. पुढे जो पेच पडणार होता त्याची ही सुरुवात होती असे मला नेहमी वाटते.

तो पेच समजण्यासाठी कोकणात जावे लागेल. आपल्या पूर्वजांना तेथे 'शनवार तेली' म्हणत, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. नवगाव, किहीम, चौल, रेवदंडा, पेण, रोहा या गावांत आपला घाणा शनिवारी बंद असे. शेमा एवढीच प्रार्थना तोंडपाठ असलेल्या लोकांनी शेकडो वर्षे शनिवार सांभाळला. ते जमले याचे एक कारण श्रद्धा हे तर आहेच, पण दुसरे कारण साधे आहे. घाणा स्वतःचा होता आणि बैल स्वतःचा होता. तो कधी सोडायचा हे विचारायला दुसऱ्या कोणाकडे जावे लागत नव्हते.

त्या गावांत आगगाडीची शिटी नव्हती. मुंबईला जायचे तर धरमतर किंवा रेवसहून बोटीने जायचे, आणि रात्री ऐकू यायचा तो आगबोटीचा भोंगा. आपल्या आडनावांतील 'कर' ज्या गावांना जोडला आहे त्यांपैकी पेण आणि रोहा येथे आगगाडी पोचली ती १९८०च्या दशकात. संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली १९९८ साली. तोवर पेणकर आणि रोहेकर अश्दोद, दिमोना आणि बेर शेवा येथे नातवंडे खेळवत होते.

पण गावे सोडण्याची सुरुवात त्याच्या शंभर वर्षे आधीच झाली होती. मुंबईत मिशनच्या शाळांतून आपली मुले इंग्रजी शिकली. १८७५ साली हाइम शमुएल केहिमकर यांनी समाजाची स्वतःची शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली. इंग्रजी येणाऱ्या, हिशेबाला चोख माणसाला तेव्हा पलटण, पोस्ट, कस्टम आणि रेल्वे येथे जागा होती. रेल्वेत आपले लोक कारकून झाले, तारबाबू झाले, तिकीट कलेक्टर, गार्ड आणि स्टेशनमास्तर झाले. पगार पक्का, राहायला क्वार्टर, मुलाबाळांना पास आणि शेवटी प्रॉव्हिडंट फंड. तेलाच्या घाण्यावर यांतले काय मिळणार? नोकरी लागली की घरी एलियाहू हान्नाबीचा मलिदा होई.

रुळांबरोबर समाज पसरला. कल्याणच्या पुढे बोरघाट १८६३ साली खुला झाला आणि मुंबईची गाडी थेट पुण्याला जाऊ लागली. त्याच साली दुसऱ्या बाजूने गाडी अहमदाबादला पोचली. सिंधमध्ये कराची ते कोटरी मार्ग १८६१ सालीच सुरू झाला होता. आता आपल्या मशिदींची साले पाहा. ठाण्याची शार हाशामाईम १८७९, कराचीची मागेन शालोम १८९३, पुण्याची सुक्कथ शेलोमो १९२१, अहमदाबादची मागेन अब्राहाम १९३४. ही सारी रेल्वेची गावे आहेत. या मशिदी फक्त रेल्वेमुळे उभ्या राहिल्या असे मी म्हणत नाही. पलटणीतले, सरकारी कचेऱ्यांतले लोकही होते. पण बदली, बढती आणि सणाला घरी जाण्याची सोय रेल्वेने केली. आडबाजूच्या जंक्शनवर आपली दोनच घरे असत, मिन्यान जमत नसे. दारफळणीच्या सणाला तेथील लोक रात्रीच्या गाडीने पुण्याला किंवा मुंबईला जात आणि मशिदीत उभे राहत. ती गाडी नसती तर अशी घरे समाजापासून तुटली असती.

हे झाले मिळालेले. आता दिलेले सांगतो.

माझे वडील मालगाडीचे गार्ड होते. गाव सांगत नाही. जंक्शनचे गाव एवढे पुरे. मालगाडीला वेळापत्रक नसते. गाडी तयार झाली की लोकोशेडकडून कॉलबॉय घरी यायचा, कंदील दारात ठेवायचा आणि वही पुढे करायचा. वहीत सही केली की ड्यूटी लागली. कॉलबॉयला शुक्रवार काय आणि मंगळवार काय, सारखेच. शुक्रवारी संध्याकाळी आई काचेच्या दिव्यात पाण्यावर खोबरेल ओतून वाती लावी. मनुकांच्या शरबतावर वडील किद्दुश म्हणत. किती तरी शुक्रवारी किद्दुश झाल्यावर, किंवा त्याच्या आधीच, दारावर थाप पडे. वडील सही करीत, टिनची पेटी आणि बत्ती उचलीत आणि जात. लिहू नये त्या दिवशी लिहीत, दिवा हाती घेऊ नये त्या दिवशी घेत.

आई दिव्याजवळ बसून राही. गावाबाहेर एक फाटक होते. फाटक येण्याआधी ड्रायव्हरने लांब शिटी द्यायची असा नियम आहे. ती शिटी झाली की आई म्हणे, "गेली गाडी," आणि आम्हांला निजायला सांगे. ती स्वतः निजत नसे.

मोठेपणी मी वाचले की रात्रीची शिटी लांब का जाते. सूर्य मावळला की जमीन लवकर गार होते आणि तिच्यालगतची हवाही. वरची हवा मात्र काही वेळ उबदार राहते. आवाज उबदार हवेत जलद जातो, म्हणून वर चढलेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. दिवसा तोच आवाज वर निघून जातो. त्यात रात्री इतर गडबड नसते. आवाज एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा तीन किलोमीटरवरची शिटी आपल्याला ऐकू येईपर्यंत नऊ सेकंद होऊन गेलेले असतात. आई "गेली गाडी" म्हणे तेव्हा वडिलांचा ब्रेकव्हॅन फाटकाजवळ पोचला असेल.

घाटात तर शिट्यांची भाषाच होती. बोरघाटात आणि थळघाटात ३७ फुटांना एक फूट इतका चढ आहे. पुढे इंजिन आणि मागून ढकलायला बँकर इंजिने. पुढच्या आणि मागच्या ड्रायव्हरने एकमेकांशी बोलायचे ते शिटीनेच. विजेची इंजिने १९३०च्या सुमारास घाटात आली. त्यांतल्या मालगाडीच्या इंजिनाला लोक 'खेकडा' म्हणत. तरी शेडमधली आणि शंटिंगची वाफेची इंजिने पुष्कळ वर्षे राहिली, आणि रात्री कानाला गोड लागायची ती त्यांचीच शिटी.

वडिलांनी मार्ग काढायचा प्रयत्न केला. एक गोव्याकडचा ख्रिस्ती गार्ड त्यांचा मित्र होता. त्याला रविवारी मिस्साला जायचे असे. दोघांनी ठरवले की जमेल तेव्हा शनिवार त्याने घ्यायचा आणि रविवार वडिलांनी. महिन्यातून एखादा शब्बाथ असा मिळे. तो गडी नाताळात आमच्याकडे गोड पाठवी आणि आम्ही त्याच्याकडे चिकाचा हलवा. त्याचे उपकार आमचे घर विसरले नाही.

पण दारफळणीच्या दिवशी वडील कधीच कामावर गेले नाहीत. एके वर्षी रजा मिळाली नाही. वडिलांनी कॉलबॉयच्या वहीत सही केली नाही आणि दिवसभर उपास करून घरी सिद्दूर घेऊन बसले. त्या वर्षी त्यांची पगारवाढ थांबली. आईने हे आम्हांला बऱ्याच वर्षांनी सांगितले. वडील त्याविषयी कधी बोलले नाहीत. इतर शनिवारांविषयीही बोलले नाहीत. त्यांच्या मनात ते शनिवारच जास्त बोचत होते असे मला आता वाटते.

साठच्या दशकात आम्ही अलियाह केली आणि लोदला आलो. हेही रुळांचेच गाव. याफो ते यरुशलाईम हा या देशातला पहिला रेल्वेमार्ग २६ सप्टेंबर १८९२ रोजी सुरू झाला, रोश हाशाना आणि किप्पूर यांच्या मधल्या दिवसांत. त्याची परवानगी मिळवली होती योसेफ नावोन या यरुशलाईमच्या यहुदी गृहस्थाने. इंजिने अमेरिकेहून आणली होती आणि रूळ मीटर गेजचे होते. आपल्या अहमदाबाद-अजमेर मार्गाचेही रूळ तेवढ्याच रुंदीचे होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मिसरहून हैफापर्यंत मार्ग आणला आणि लोद जंक्शन झाले. आम्ही आलो तेव्हा वाफेची इंजिने येथून गेली होती, डिझेलचा भोंगा होता. विजेवरची पहिली गाडी येथे २०१८ साली धावली. मुंबईत ती १९२५ सालीच धावत होती, हे मी नातवंडांना अभिमानाने सांगतो आणि ती विश्वास ठेवत नाहीत.

लोदमधल्या पहिल्या शुक्रवारची गोष्ट मला आठवते. आईने तोच काचेचा दिवा लावला. वडिलांनी किद्दुश म्हटला आणि जेवल्यावर सवयीने दाराकडे पाहत बसले. आठवडाभर रात्री गाड्यांचा आवाज येत होता. त्या रात्री काहीच नव्हते. शुक्रवारी दुपारनंतर शनिवारी रात्रीपर्यंत या देशात प्रवासी गाडी धावत नाही, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. मध्यरात्र होऊन गेली तरी वडील जागेच होते. आईने विचारले, "झोप येत नाही का?" ते म्हणाले, "शिटी नाही गं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "गाडीच बंद आहे. सगळ्यांचीच." आणि झोपले. सकाळी ते माझ्यासोबत मशिदीत आले.

त्यांना येथे सोपे गेले नाही. गार्डचा माणूस, येथे कारखान्यात मजुरी केली. भाषा येत नव्हती, आणि त्या वर्षांत आपल्या समाजाला आपले यहुदीपण सिद्ध करायला सांगितले जात होते, तेही त्यांनी पाहिले. ज्याने शनिवारसाठी रजा मागता मागता उमर घालवली त्याला हे ऐकावे लागले. पण शनिवार त्यांना मिळाला. घाण्याच्या दिवसांनंतर आमच्या घराण्यात तो पुन्हा अखंड मिळालेले पहिले तेच.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा कोणीतरी रेल्वेचा माणूस होता. जुन्या पेटीत त्याचा पास असेल, पितळी बिल्ला असेल, सर्व्हिसची कागदपत्रे असतील. त्यावर कोणते गाव, कोणते काम, किती वर्षे, हे एका कागदावर मराठीत आणि मुलांकडून इब्रीत लिहून ठेवा. आमच्या घरी वडिलांची बत्ती आहे. काच फुटली आहे आणि वात नाही. नातवाने परवा विचारले, "सबा, हे काय आहे?" त्याला सांगायला बसलो तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. मंगळवारची रात्र होती.