जकात आणि जकातनाका

मराठी माणसाला ‘जकात’ म्हटले की आधी नाका आठवतो. शहराच्या वेशीवरची ट्रकांची रांग, पावती फाडणारा कारकून. मुसलमान घरात हाच शब्द रमजान जवळ आला की ऐकू येतो आणि तेथे त्याचा अर्थ गरिबाचा हक्क असा असतो. एका शब्दाची ही दोन बिऱ्हाडे झाली कशी?

अरबीत जकात म्हणजे शुद्धी आणि वाढ. ती ऐच्छिक दानापेक्षा वेगळी, कारण तिला हिशेब आहे. दोनशे दिरहम चांदी वर्षभर शिल्लक राहिली तर चाळिसावा भाग. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा, मोटेने पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा. कष्ट जास्त तेथे दर कमी, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. खर्चाच्या आठ बाबी कुरआनने ‘तौबा’ या सूरहमध्ये (९:६०) नेमून दिल्या. त्यांत गोरगरीब, कर्जबाजारी, वाटसरू आहेत, गुलामांची मुक्तता आहे आणि वसूल करणाऱ्यांचे वेतनही आहे. राजाचा खजिना मात्र त्यांत नाही.

६३२ मध्ये पैगंबर मुहंमद (स.) यांचे निधन झाले, तेव्हा काही टोळ्यांनी नमाज पढू, जकात देणार नाही, अशी भूमिका घेतली. कलमा पढणाऱ्यांशी लढायचे कसे, हा हजरत उमर (र.) यांचा प्रश्न होता. हजरत अबू बकर (र.) यांनी नमाज आणि जकात यांत फरक करण्यास साफ नकार दिला. लढाया झाल्या. बनू यरबूअचा वसुली अधिकारी मालिक इब्न नुवैरा याने गोळा झालेले उंट आपल्या लोकांना परत केले होते. तो खालिद बिन वलीद यांच्या तुकडीच्या हातून मारला गेला. या प्रकरणी उमर खालिदवर संतापले होते. जकातीचा इतिहास सांगताना आपले वक्ते हे पान सहसा उलटून पुढे जातात.

पुढे उमर खलिफा झाले. त्यांच्या काळातली एक हकीकत काझी अबू युसूफ यांनी ‘किताबुल खराज’मध्ये दिली आहे. दारोदार भीक मागणारा एक म्हातारा, आंधळा ज्यू त्यांना भेटला. उमर यांनी त्याला बैतुलमालमधून नेमणूक बांधून दिली आणि त्यासाठी आधार घेतला तो जकातीच्या त्याच आयतीचा. गरिबाचा धर्म त्यांनी आड येऊ दिला नाही.

पण वाटेवरच्या व्यापारी मालावर वसुलीही उमर यांच्याच काळात सुरू झाली. मुसलमानाकडून चाळिसावा भाग, राज्यातील बिगरमुस्लिमाकडून विसावा, परमुलखातील व्यापाऱ्याकडून दहावा. मुसलमान व्यापाऱ्याची ती जकातच होती, इतरांचा तो कर होता. घेणारा मात्र एकच. माझ्या मते शब्दाने वळण घेतले ते येथे.

हिंदुस्थानात मालावरच्या महसुलालाच जकात हे नाव चिकटले. औरंगजेबाने १६६५ मध्ये मुसलमानांना अडीच टक्के आणि हिंदूंना पाच टक्के असा दर ठरवला. १६६७ मध्ये मुसलमानांना ती माफच केली. म्हणजे ज्याच्यावर जकात धर्माने फर्ज, तोच जकातीतून मोकळा! हिंदू व्यापाऱ्यांचा माल आपला म्हणून दाखवण्याचे प्रकार त्यातून घडल्याचे इतिहासकारांनी नोंदवले आहे. आठ बाबींचा तर तेथे मागमूसही नव्हता.

मराठी राज्याने शब्द घेतला तो हा दुसरा. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिले, की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा. पोर्तुगीज मुलखातल्या स्वस्त मिठापुढे स्वराज्यातली मिठागरे बसू नयेत, हा त्यामागचा हेतू. राज्यकर्त्याचा शहाणा निर्णय. पण गरिबाच्या हक्काशी त्या शब्दाचा संबंध आता उरला नव्हता.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकातही गेली. नाके ओस पडले. दुसरी जकात चालू आहे: येथे सरकार ती वसूल करत नाही, रमजानमध्ये मदरशांचे सफीर पावतीपुस्तके घेऊन दारोदार फिरतात, आणि शेजारच्या गल्लीतला कर्जबाजारी मात्र कोणाच्याच पावतीपुस्तकात नसतो.